दोन पडद्यांवर एक बाण

चालत्या स्कूटरवरून सोयराबाई आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या. पडल्या त्या उभ्या स्कूटरवरून. मैसूरला कुवेंपुनगरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर स्कूटर थांबवून त्यांनी सीटवर बसल्या बसल्याच कोथिंबिरीची जुडी घ्यायला हात लांब केला. स्कूटर एका अंगाला कलली आणि त्या जुडीसकट खाली आल्या. कोथिंबीर शाबूत राहिली, उजवं मनगट मोडलं.

डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना हाताला काम नाही म्हणून बजावलं. सोयराबाईंनी विचारलं, माउस धरला तर चालेल का. डॉक्टरांना वाटलं बाई थट्टा करताहेत. पण त्यांचं सगळं कामच माउसवर होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांचं, वेंकटरमणांचं शिवणकामाचं दुकान होतं. घराण्यात पिढ्यान् पिढ्या सुई-दोरा चालत आलेला. वेंकटरमण कापड बेतायचे आणि शिवायचे, आणि त्यावर भरतकाम करायच्या सोयराबाई, पण हाताने नव्हे. चाळिशी उलटल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. पडद्यावर आकृती आखायची, तिचे टाके करायचे, पेन ड्राइव्हवर घालून मशीनला द्यायचे, की मशीन खडखडत कापडावर ते उठवायचं. त्यांचा विंडोजचा कॉम्प्युटर जुना होता, पण त्यांच्या बोटांना त्यातली वाट न् वाट पाठ होती. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला त्या कीबोर्डला हळद-कुंकू लावत. एक-दोन बटणांच्या फटीत ते कायमचं बसलं होतं.

नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आलेली. एच. डी. कोटेच्या पुढे, कबिनी नदीच्या काठावर एक जंगल लॉज आहे. तिथल्या गाइड लोकांसाठी जाकिटं हवी होती. पाठीवर हत्ती आणि छातीवर प्रत्येकाचं नाव, कन्नडमध्ये. लॉजचा मॅनेजर रक्षित भला माणूस होता, पण सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत जाकिटं मिळायलाच हवीत, हे त्याने पहिल्याच फोनला सांगून ठेवलं होतं.

वेंकटरमण म्हणाले, ऑर्डर परत करू. सोयराबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मग जेवताना त्यांचा मुलगा सुदीप सहज बोलून गेला की काव्या रोज वर बसून चित्रंच तर काढते, हत्ती ती काढेल.

काव्या म्हणजे सुदीपची बायको. सांगलीची. लग्न होऊन मैसूरला आली तेव्हा येताना आपला मॅक घेऊन आली होती. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती माडीवरच्या खोलीतून डिझाइनचं काम करायची. तिचं मराठी सांगलीचं, सोयराबाईंचं मैसूरचं. त्यात निम्मं कन्नड, आणि रागावल्या की सगळंच कन्नड. दोघी एकमेकींशी चांगल्या वागत, पण बेताने. वरच्या कॉम्प्युटरवर काय चालतं ते सोयराबाईंनी कधी विचारलं नव्हतं. खालच्याला हात लावायची काव्याची हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काव्या खाली येऊन विंडोजच्या पुढ्यात बसली आणि शेजारी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून सोयराबाई. पहिला तास वाईट गेला. काव्याचा अंगठा मॅकच्या सवयीने कॉपी करायला भलत्याच बटणावर जायचा आणि पडद्यावर काहीतरी उघडायचं. खिडकी बंद करायला ती बाण डावीकडे न्यायची, तिथे काही नसायचं. चाक फिरवलं की पान उलट दिशेला पळायचं. सोयराबाई म्हणायच्या, "कंट्रोल दाब गं, कंट्रोल." काव्या म्हणायची, हो आई, दाबतेच आहे, आणि परत भलतंच दाबायची. दुपारपर्यंत जो प्राणी तयार झाला त्याला वेंकटरमणांनी प्रामाणिकपणे डुक्कर म्हणून ओळखलं.

काव्याने मग मॅक खाली आणला. हत्ती त्यावर झरझर उतरला. सोंड उचललेला, कान पसरलेला, चांगला कबिनीतला हत्ती. सोयराबाईंनी चष्मा पुसून हत्ती परत पाहिला. आता अडचण नावांची होती. गाइडांची नावं सोयराबाई जुन्या कन्नड फाँटमध्ये टाइप करत, तो त्यांच्या कॉम्प्युटरवरच होता. ती नावं मॅकवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. आणि टाके करायचं सॉफ्टवेअरही विंडोजवरच चालायचं. म्हणजे हत्ती या टेबलावर, नावं त्या टेबलावर. काव्या पेन ड्राइव्ह घेऊन दिवसभर खुर्चीतून खुर्चीत उठबस करत राहिली. संध्याकाळी तिची पाठ धरली.

सकाळी तिने दोन्ही पडदे एका टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि दोन्हींत एक सॉफ्टवेअर घातलं. एकच कीबोर्ड, एकच माउस, दोन्ही कॉम्प्युटरना. बाण मॅकच्या उजव्या कडेला नेला की तिकडे नाहीसा व्हायचा आणि विंडोजच्या डाव्या कडेतून बाहेर यायचा. बटणांचंही तिने जुळवून घेतलं. अंगठ्याने जे मॅकला सांगायचं तेच तिकडे कंट्रोल समजलं जाईल असं केलं, आणि चाकाची दिशाही एक केली.

सोयराबाई चहाचा कप घेऊन आल्या तेव्हा बाण नेमका कड ओलांडत होता.

"एल्ली होयितु?" त्या म्हणाल्या. "कुठं गेला बाण?"

काव्याने उजव्या पडद्याकडे बोट केलं. सोयराबाईंनी डाव्या हाताने माउस मागून घेतला आणि बाण इकडून तिकडे नेला, तिकडून इकडे आणला. चहा निवला तरी त्यांचं ते चाललंच होतं. शेवटी म्हणाल्या, तार कुठेय मग मध्ये? काव्याने सांगितलं की तार नाही, घरातल्या वायफायवरूनच जातो. एवढंच नव्हे, इथे कॉपी केलं तर तिथे पेस्टही होतं. सोयराबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी मॅकवरून हत्ती उचलला, विंडोजवर ठेवला, आणि वेंकटरमणांना कात्रीसकट बोलावून परत एकदा तसं करून दाखवलं.

त्या दिवसापासून दोघींची घडी बसली. काव्या हत्ती काढायची, तिकडे सरकवायची. सोयराबाईंनी आपला जुना माउस आणि कीबोर्ड विंडोजला तसाच ठेवला होता. त्या डाव्या हाताने हळूहळू टाके आखायच्या. कधी कधी दोघी एकदमच बाण ओढायच्या आणि तो पडद्याच्या मधोमध थरथरत राहायचा. मग सोयराबाई म्हणायच्या, "सोड, माझाय," आणि काव्या सोडायची. टाक्यांचं काव्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा हत्तीचा गोल डोळा कापडावर लांबट उठला, कारण दोरा कापडाला खेचतो. सोयराबाईंनी तो पडद्यावर मुद्दाम आडवा फुगवायला लावला, मग तो कापडावर गोल आला. उलट सोयराबाई एकेक नाव वेगळं उघडून वेगळं ठेवत, त्यात तासच्या तास जायचे. काव्याने सगळी नावं एका दमात रांगेला लावून दिली. सोयराबाई म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंस. काव्या म्हणाली, तुम्ही विचारलंच नाहीत.

असं सगळं बरं चाललं असताना एका दुपारी दोऱ्याची जांभळट राखी छटा संपली. ती फक्त देवराज अर्स रोडच्या दुकानात मिळायची. काव्या निघताना म्हणाली, "आई, छोटा हत्ती कॉपी करून ठेवलाय. तुम्ही फक्त तिकडे पेस्ट करा, खिशावर बसवून बघा." स्कूटरची किल्ली सापडेना म्हणून ती पाच-दहा मिनिटं घरातच घुटमळली. तेवढ्यात आठवण झाली म्हणून मॅकवरचं स्वतःचं एक चित्र इथून उचलून तिथे ठेवलं, आणि गेली. आपण मागाहून दुसरंच काही कॉपी केलंय हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

सोयराबाईंनी कंट्रोल आणि व्ही दाबलं. हत्तीऐवजी पडद्यावर पक्षी आला. लांब पिवळे पाय, लाल चोच. त्यांना वाटलं, डाव्या हाताने चुकलं. पुसून परत दाबलं. परत पक्षी. मग त्यांनी खालची अक्षरं वाचली. ठळक मराठीत लिहिलं होतं, टिटवी. त्याखाली बारीक अक्षरांत, काव्याचं भरतकाम. आणि सगळ्यात खाली, मेटगळ्ळी, मैसूरु.

मेटगळ्ळीला कारखाने आहेत. सुदीप तिथल्याच एका कारखान्यात जातो. काव्याचं तिथे काही नव्हतं. निदान सोयराबाईंना ठाऊक नव्हतं. त्या पडद्याकडे पाहत बसून राहिल्या. आपल्या घरात मशीन असताना सून दुसरीकडे दुकान मांडणार, आणि ते आपल्याला बाण सांगणार. वेंकटरमण आतून काहीतरी विचारत होते, ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना राग आला होता हे खरं. पण रागापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांना वाईट वाटलं होतं. गेले काही दिवस त्यांना वाटायला लागलं होतं की हात मोडला ते एका परीनं बरंच झालं.

वाईट वाटत असतानाच त्यांचं लक्ष पक्ष्याच्या पायांकडे गेलं. पाय फार बारीक होते. एवढी बारीक रेघ दोऱ्याला पेलत नाही. टाका बसेपर्यंत कापड फाटतं. पंखावरचा पांढरा पट्टाही असाच. हे असंच मशीनवर गेलं तर पहिल्याच दिवशी सुई मोडेल, आणि मेटगळ्ळीत तिला सांगणार कोण? त्यांनी डाव्या हाताने माउस जवळ ओढला आणि पाय जाड करायला लागल्या.

काव्या दोरा घेऊन परत आली तेव्हा मशीन चालू होतं. हत्तीचा नमुना निघतोय असं समजून ती वाकली, आणि तशीच राहिली. फ्रेमवर टिटवी उतरत होती. चोच झाली होती, एक पाय झाला होता, दुसरा चालला होता. मग मशीन थांबलं.

सोयराबाईंनी फ्रेम सोडवली आणि कापड टेबलावर ठेवलं.

"मेटगळ्ळीत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

काव्याने खरं ते सांगितलं. तिच्या कंपनीतलं काम वर्षभरापासूनच कमी होत आलं होतं. तिला पक्ष्यांचे बिल्ले करून विकायचे होते, टोप्यांना, पिशव्यांना लावायचे. सुदीपच्या कारखान्याजवळ एक खोली तिने पाहून ठेवली होती. एक जुनं मशीनही पाहिलं होतं. अजून कुणाला होकार दिला नव्हता. सुदीपला माहीत होतं, त्याला कुणाला सांगू नको म्हणून तिनेच सांगितलं होतं.

"घरात मशीन आहे," सोयराबाई म्हणाल्या.

"मशीन तुमचं आहे, आई. टेबल तुमचं, दोरे तुमचे. मी इथे आले की मला प्रत्येक वेळी वाटतं, विचारून घ्यावं." काव्याने आणलेला दोरा टेबलावर ठेवला. "चुकलं तरी माझं मला चुकू दे, असं एक ठिकाण हवं होतं. तुम्हाला सोडून जायचं म्हणून नाही."

सोयराबाई प्लास्टरची कड चाचपत राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांनाही सासऱ्यांच्या मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. कॉम्प्युटरवरचं भरतकाम त्या शिकल्या तेच मुळी घरात दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "आधी हत्ती होऊ दे. मग तुझी खोली बघून येऊ. पाय जाड केलेत बघ, आवडले नाहीत तर बारीक कर. सुई तुझी मोडेल."

काव्याने कापड हातात घेतलं. पाय तिला आवडले, पण पंखावरचा पट्टा नाही. तिने तसं सांगितलं. सोयराबाई म्हणाल्या, तो तसाच राहील. काव्या म्हणाली, नाही राहणार, पक्षी माझा आहे. आतून वेंकटरमणांनी विचारलं, काय झालं. दोघी एकदमच म्हणाल्या, काही नाही.

हत्ती झाले. शेवटचे दोन-तीन दिवस घरभर राखी दोऱ्याचे तुकडेच तुकडे होते, जेवणात सापडायचे. जाकिटं पोचवायला सुदीपने मित्राची गाडी आणली आणि सगळेच लॉजवर गेले. रक्षितने एक जाकीट अंगावर चढवून पाठ आरशात पाहिली, मान वळवून वळवून पाहिली. हत्ती कुणी काढला, त्याने कन्नडमध्ये विचारलं. सोयराबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. मग पर्समधून टिटवीचा नमुना काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या की हे तिचं स्वतःचं काम, आमच्या दुकानाचं नाही. काव्याला हे अजिबात माहीत नव्हतं. रक्षितने नमुना हातात घेतला, लॉजच्या दुकानात पाहुण्यांना विकायला असलं काही ठेवता येईल म्हणाला, आणखी कुठले पक्षी करता असं विचारलं. काव्याने तिथल्या तिथे पाच-सहा पक्ष्यांची नावं सांगितली. त्यातला एकही तिने अजून काढलेला नव्हता.

पुढच्या सोमवारी सासू-सून सिटी बसने मेटगळ्ळीला गेल्या. खोली हवेशीर होती, उजेडही छान होता. पण भिंतीपलीकडे पत्रा कापायचं वर्कशॉप होतं. प्रेस दणादण पडत होता आणि दर दणक्याला फरशी हादरत होती. सोयराबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी एक शब्दही काढला नाही, आणि त्यासाठी त्यांना किती कष्ट पडले ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं. काव्याने खाली बसून फरशीवर हात ठेवला.

"इथं सुई टिकणार नाही," तीच म्हणाली.

"नाही टिकायची," सोयराबाई म्हणाल्या. "दुसरी खोली बघ. मी घरी चल म्हणत नाहीय, लक्षात ठेव."

काव्या हसली. परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, दुसरी खोली मिळेपर्यंत दुपारचं टेबल मला मिळेल का, जेवणानंतरचं. सोयराबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या की दुपार तुझी. दुपारी मी तुला काही सांगणार नाही, तू विचारलंस तरच. आणि दुपारचे दोरेही तू तुझे आण, माझ्या रिळांना हात लावू नकोस. काव्याला ही शेवटची अट सगळ्यात जास्त आवडली.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट ताठलं होतं. डॉक्टरांनी बोटं हलवायचे व्यायाम दिले. सोयराबाईंनी मऊ चेंडू दाबण्याऐवजी माउस घेतला, आणि विंडोजवरचं सगळं आधीच पाठ होतं म्हणून त्या मॅकवर बसायला लागल्या. आता गंमत उलटी झाली. खिडकी बंद करायला त्या उजवीकडे जायच्या, तिथे काही नसायचं. हे असलं बटण डावीकडे ठेवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्यांनी अस्सल कन्नडमध्ये सांगितलं. काव्या तेव्हा शेजारी विंडोजवर बसून भारद्वाजाच्या पाठीचे टाके आखत होती. दोरा खेचला जाईल हे धरून तिने पाठ आधीच थोडी फुगवली होती. सोयराबाईंना ते दिसलं. दुपार होती, म्हणून त्या गप्प राहिल्या.

महिन्याभराने काव्याला खोली मिळाली. मेटगळ्ळीला नव्हे, कुवेंपुनगरातच, दोन गल्ल्या पलीकडे, एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची. सुदीपने मशीन आणून बसवून दिलं. वेंकटरमणांनी पडदे शिवले. सामान हलवायच्या दिवशी काव्याने टेबलावरून मॅक उचलला, तेव्हा विंडोजचा पडदा एकटाच राहिला. सोयराबाईंनी बाण सवयीने डाव्या कडेला नेला. तो तिथेच अडकून राहिला.

"दोन गल्ल्या जाईल का गं हा?" त्यांनी विचारलं.

"नुसता नाही जायचा," काव्या म्हणाली. "इंटरनेटवरून करावं लागेल. तुमचा पडदा मला तिकडे दिसेल, माझा तुम्हाला. वेगळं सॉफ्टवेअर लागतं. रविवारी घालून देते."

"मला तुझ्या पडद्यावर हात घालता येईल?"

"मी परवानगी दिली तर."

सोयराबाईंनी मान हलवली. त्यांना ते रास्त वाटलं. मग त्या उठल्या आणि नव्या खोलीत द्यायला दोऱ्यांची रिळं वेगळी काढायला लागल्या. राखी, काळा, पांढरा, आणि टिटवीच्या पायांसाठी पिवळा. पिवळ्याच्या दोन छटा होत्या. त्यांनी दोन्ही ठेवल्या.